सूक्ष्मदर्शक, विद्यार्थ्यांचा

शाळकरी वयाच्या मुलांना घरी किंवा शाळेत निरीक्षणासाठी वापरता येईल असा, रचनेने साधा, बांधणीने दणकट व किमतीने सर्वसामान्य कुटुंबास परवडणारा सूक्ष्मदर्शक. संशोधनासाठी वापरण्यात येणाऱ्या सूक्ष्मदर्शकाची प्रकाशकीय तत्त्वे या उपकरणासही लागू असतात. फरक असतो तो भिंगांच्या संख्येत, त्यांच्यातील दोष काढून टाकण्यासाठी घेतलेल्या श्रमांत आणि जोडसाधनांत. पूर्वी असे उपकरण बहुधा शाळेच्या प्रयोगशाळेतच पाहावयास मिळे, व तेही काचेच्या कपाटात. शाळेत न घालता मुलांना घरीच शिकविणारी कुटुंबे वाढल्याने आणि २०२० मध्ये महासाथीमुळे शाळा दीर्घकाळ बंद राहिल्याने घरी ठेवण्याजोग्या सूक्ष्मदर्शकाची विचारणा वाढली. बाजारात शंभराहून अधिक पट वर्धनाची खेळणी व खरी उपकरणे शेजारीशेजारी मांडलेली असतात आणि त्यांची बाह्यरूपेही सारखीच असतात. खरेदीत फसगत होते ती बहुतेक वेळा एकाच आकड्यामुळे. तो म्हणजे खोक्यावर ठळकपणे छापलेले वर्धन. या आकड्यावरून उपकरणाची योग्यता ठरत नाही. ती तीन गोष्टींवरून ठरते : भिंगाची विभेदनक्षमता, मंच व केंद्रण यंत्रणा यांचा स्थिरपणा आणि प्रकाशयोजना.

इतिहास : स्वस्त व साध्या साधनाने उत्तम निरीक्षण होऊ शकते, याची साक्ष सूक्ष्मदर्शकाच्या इतिहासातच मिळते. रॉबर्ट हुक यांनी १६६५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या मायक्रोग्राफिया या ग्रंथातील निरीक्षणे संयुक्त सूक्ष्मदर्शकाने केलेली होती. तथापि याच ग्रंथाच्या प्रस्तावनेत काचेचा बारीक तंतू ज्योतीत वितळवून त्याच्या टोकाशी होणारा गोल मणी भिंग म्हणून वापरण्याची कृतीही त्यांनी दिली आहे. नेदर्लंड्समधील डेल्फ्ट येथील कापडाचे व्यापारी आंतॉन व्हान लेव्हेनहूक यांनी दोन धातुपट्ट्यांमध्ये बसविलेल्या एकाच लहानशा भिंगाच्या साहाय्याने १६७४ पासून पाण्यातील सूक्ष्मजीवांचे व पुढे जंतूंचेही निरीक्षण केले. त्यांच्या उपलब्ध उपकरणांपैकी उट्रेक्ट येथे जतन केलेल्या उपकरणाचे वर्धन सु. २७० पट भरते. रॉबर्ट ब्राउन यांनी १८२७ मध्ये परागकणांतून बाहेर पडलेल्या सूक्ष्म कणांची सतत चाललेली अस्ताव्यस्त हालचाल पाहिली, तीही एका भिंगाच्या साध्या सूक्ष्मदर्शकातूनच. त्या भिंगाचे केंद्रांतर सु. १/३२ इंच म्हणजे ०·८ मिमी. होते. त्या काळच्या संयुक्त सूक्ष्मदर्शकांत प्रतिमेच्या कडांना रंगीत झालर दिसे व तपशील पुसट होई. जोसेफ जॅक्सन लिस्टर यांनी १८३० मध्ये अवर्णक भिंगे एकमेकांपासून योग्य अंतरावर बसवून हे दोष कमी करण्याची रीत प्रसिद्ध केली आणि त्यानंतरच संयुक्त सूक्ष्मदर्शक विश्वसनीय ठरला.

विद्यार्थ्यांसाठी किमतीची मर्यादा घालून सूक्ष्मदर्शक करवून घेण्याचा एक लक्षणीय प्रयत्न लंडनच्या ‘सोसायटी ऑफ आर्ट्स’ या संस्थेने १८५४-५५ च्या सुमारास केला. साधा सूक्ष्मदर्शक साडेदहा शिलिंगांत व संयुक्त सूक्ष्मदर्शक तीन गिनींत तयार करणाऱ्यास तिने पारितोषिक जाहीर केले व ते बर्मिंगहॅमच्या फील्ड या उत्पादकांना मिळाले. उपकरण स्वस्त करताना कशात काटकसर करावयाची व कशात करावयाची नाही, हा प्रश्न तेव्हापासून आजतागायत कायम आहे. भारतात हरियाणातील अंबाला हे शहर शास्त्रीय उपकरणांच्या निर्मितीचे मोठे केंद्र असून देशातील शाळा-महाविद्यालयांत दिसणारे कितीतरी सूक्ष्मदर्शक तेथील कारखान्यांत तयार झालेले असतात.

वर्धन आणि विभेदन : वस्तू मोठी दिसणे व तिच्यातील तपशील वेगवेगळे दिसणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. निरोगी डोळ्याला २५ सेंमी. अंतरावरून एकमेकांपासून सु. ०·१ मिमी. अंतरावर असलेले दोन बिंदू अलग दिसू शकतात. त्याहून जवळचे बिंदू एकच भासतात. सूक्ष्मदर्शकामुळे ही मर्यादा खाली येते. परंतु किती खाली यावयाची, हे वर्धनाने ठरत नाही. प्रकाश तरंगरूप असल्याने भिंगाच्या कडेशी त्याचे विवर्तन होते व प्रत्येक बिंदूची प्रतिमा बिंदू न राहता लहानशी चकती होते. दोन चकत्या एकमेकींत मिसळल्या की प्रतिमा कितीही ताणून मोठी केली तरी त्या अलग होत नाहीत. वर्तमानपत्रातील छायाचित्र भिंगाखाली धरले असता छपाईचे ठिपके मोठे दिसतात, पण चेहऱ्याचा नवा तपशील दिसत नाही, तसाच हा प्रकार होय.

जर्मन भौतिकीविज्ञ एर्न्स्ट आबे यांनी १८७३ मध्ये ही मर्यादा गणिताने मांडली. वस्तूपासून निघालेल्या प्रकाशाचा किती रुंद शंकू वस्तुभिंगात शिरू शकतो, यावर विभेदन अवलंबून असते. या शंकूच्या अर्धकोनाची ज्या व भिंग आणि वस्तू यांमधील माध्यमाचा प्रणमनांक यांच्या गुणाकाराला त्या भिंगाचे अंकीय द्वारक म्हणतात. मधे केवळ हवा असल्यास हे मूल्य १ पेक्षा नेहमी कमीच असते. प्रचलित विद्यार्थी सूक्ष्मदर्शकातील ४ पटींच्या वस्तुभिंगाचे अंकीय द्वारक ०·१०, १० पटींच्या भिंगाचे ०·२५ व ४० पटींच्या भिंगाचे ०·६५ असते. हिरव्या प्रकाशात त्यांनी अलग दाखविता येणारे किमान अंतर अनुक्रमे सु. ३·४, १·३ व ०·५ मायक्रोमीटर (१ मायक्रोमीटर = मिमी.चा हजारावा भाग) येते.

यावरून एक व्यावहारिक नियम निघतो. एकूण वर्धन अंकीय द्वारकाच्या ५०० ते १,००० पटींच्या दरम्यान असले म्हणजे भिंगाने अलग केलेला तपशील डोळ्याला सुखाने दिसतो. त्यापलीकडील वर्धन पोकळ असते : प्रतिमा मोठी होते, तशीच ती अंधुक व फिकटही होते आणि नवे काहीही दिसत नाही. ४० पटींचे वस्तुभिंग व १० पटींचे नेत्रभिंग यांचे एकूण वर्धन ४०० असून ०·६५ अंकीय द्वारकाला ते योग्यच आहे. त्याच नळीवर २० पटींचे नेत्रभिंग चढविल्यास आकडा ८०० होतो, पण ते भिंग ६५० च्या पलीकडे काही देऊ शकत नाही. खेळण्यांच्या खोक्यांवर जे ९०० किंवा १,२०० पट वर्धन छापलेले असते, ते बहुधा याच युक्तीने साधलेले असते आणि त्यातील वस्तुभिंग तर पुष्कळदा प्लॅस्टिकचे व फारच लहान द्वारकाचे असते. अशा उपकरणातून पाहणाऱ्या मुलाला काळपट, थरथरणारा डाग दिसतो. उपकरण सदोष आहे हे त्याला कळण्याचा काहीच मार्ग नसतो. आपल्यालाच पाहता येत नाही असा त्याचा समज होतो व उपकरण माळ्यावर जाते. पैशांच्या नुकसानीपेक्षा हे नुकसान मोठे आहे.

हातभिंग : लहान मुलाच्या हाती प्रथम सूक्ष्मदर्शक न देता १० पटींचे चांगले हातभिंग देणे इष्ट होय. साध्या भिंगाचे वर्धन २५ सेंमी. या अंतराला केंद्रांतराने भागून मिळते (पहा : भिंग). १० पटींच्या भिंगाचे केंद्रांतर म्हणून २·५ सेंमी. असते. जवाहीर व घड्याळजी वापरतात ती तीन काचा जोडून केलेली भिंगे कडेपर्यंत स्पष्ट दिसणारी व टिकाऊ असतात. भिंग डोळ्याच्या अगदी जवळ धरून वस्तू त्याच्याकडे आणावयाची असते. मुले उलटपक्षी भिंग वस्तूवर धरून दुरून पाहतात व त्यामुळे दृष्टिक्षेत्र फार लहान होते. ही सवय वेळीच लावल्यास मुंगीचे शृंगिकांचे सांधे, गवताच्या फुलोऱ्यातील केसर, मिठाचे घनाकृती स्फटिक, नेच्याच्या पानामागील बीजुककोशांचे पुंजके हे सर्व खिशातील एका वस्तूने पाहता येते.

त्रिमितिदर्शी सूक्ष्मदर्शक : यात दोन्ही डोळ्यांसाठी स्वतंत्र प्रकाशमार्ग असून वस्तू किंचित निरनिराळ्या कोनांतून दिसते, त्यामुळे उंची-खोलीची जाणीव होते. प्रतिमा सुलटी असते. वर्धन सामान्यतः १० ते ४० पट असते आणि भिंग व वस्तू यांमध्ये आठ-दहा सेंमी. किंवा अधिक मोकळी जागा राहते. हातात चिमटा किंवा सुई धरून पाहतापाहता फूल उकलता येते. म्हणून त्यास विच्छेदन सूक्ष्मदर्शक असेही म्हणतात. काचपट्टी करावी लागत नाही. झाडाची साल, नाणे, कापड, डासाची अळी, शंख असे काहीही मंचावर ठेवले की ते दिसते.

साधारणपणे दहा वर्षांखालील मुलांसाठी घरात एकच उपकरण घ्यावयाचे असल्यास हेच घ्यावे. पालकांची पसंती मात्र बहुधा संयुक्त सूक्ष्मदर्शकाला असते, कारण ‘खरा’ सूक्ष्मदर्शक म्हणून चित्रांत तोच दिसतो आणि ४० पट हा आकडा ४०० पुढे दुबळा वाटतो. परंतु लहान मुलाला एक डोळा मिटून दुसऱ्याने पाहणे, उलट दिशेने सरकणाऱ्या प्रतिमेचा पाठलाग करणे आणि अर्ध्या मिलिमीटरच्या अवकाशात केंद्रण साधणे या तिन्ही गोष्टी एकदम जमत नाहीत. ४० पटींत त्याला ओळखीच्या वस्तूचे अनोळखी रूप दिसते. ४०० पटींत आपण काय पाहतो आहोत, हेच त्याला सांगावे लागते. खर्च कमी करावयाचा असल्यास फिरते वर्धन नसलेला, २० पट हे एकच ठराविक वर्धन असलेला नमुना पुरेसा आहे. स्वस्त नमुन्यांतील एक दोष मात्र पारखून घ्यावा : दोन्ही नळ्यांचे अक्ष नीट जुळलेले नसले, तर दोन प्रतिमा एक होत नाहीत आणि थोड्याच वेळात डोके दुखू लागते.

संयुक्त सूक्ष्मदर्शक : कोशिका, परागकण, शेवाळे, पाण्यातील एककोशिकीय जीव यांच्यासाठी संयुक्त सूक्ष्मदर्शक आवश्यक असतो. घरगुती वापरासाठी ४, १० व ४० पटींची तीन वस्तुभिंगे व १० पटींचे एक नेत्रभिंग एवढी सामग्री पुरते. तीमुळे ४०, १०० व ४०० ही वर्धने मिळतात. १०० पटींचे तैलनिमज्जन भिंग किंमत वाढविते. त्यासाठी काचपट्टीवर विशिष्ट तेल घालावे लागते, तेच तेल शेजारच्या ४० पटींच्या भिंगाला लागून ते खराब होण्याची भीती असते आणि वापरानंतरची स्वच्छता मुलांकडून क्वचितच नीट होते. जंतूंचा सूक्ष्म अभ्यास हे घरातील कामही नव्हे. त्या भिंगाला लागणाऱ्या पैशांत भर घालून वेगळा त्रिमितिदर्शी सूक्ष्मदर्शक घेणे अधिक शहाणपणाचे होय.

खरे वस्तुभिंग ओळखण्याची खूण त्याच्या धातूच्या नळकांड्यावर कोरलेली असते. ‘४०/०·६५’ व त्याखाली ‘१६०/०·१७’ अशा अंकांपैकी पहिला वर्धन, दुसरा अंकीय द्वारक, तिसरा नळीची मिलिमीटरमधील लांबी आणि चौथा आच्छादक काचेची मिलिमीटरमधील जाडी दाखवितो. नळीच्या लांबीऐवजी अनंताचे चिन्ह असल्यास ते भिंग निराळ्या पद्धतीच्या सूक्ष्मदर्शकाचे असते. दोन पद्धतींच्या भिंगांची सरमिसळ करता येत नाही. भिंगावर केवळ वर्धन लिहिलेले असेल व द्वारकाचा उल्लेखच नसेल, तर ते खेळणे समजावे. वस्तुभिंगाच्या आट्यांचे एक आंतरराष्ट्रीय प्रमाण १९ व्या शतकापासून रूढ असून त्यांचा व्यास सु. २०·३ मिमी. असतो. आटे या प्रमाणाचे असल्यास खराब झालेले भिंग पुढेमागे बदलता येते. एक नेत्रभिंग की दोन, हाही प्रश्न विचारला जातो. दोन डोळ्यांनी पाहणे सुखाचे असते यात शंका नाही. पण संयुक्त सूक्ष्मदर्शकात दुसऱ्या नेत्रभिंगामुळे त्रिमिती प्रतिमा मिळत नाही. त्यासाठी लोलकांची जोडयंत्रणा मात्र लागते. किंमत ठरलेली असेल, तर एका नळीच्या उपकरणात तेवढ्याच पैशांत सामान्यतः अधिक चांगली भिंगे मिळतात.

यांत्रिक भाग व पारख : ४०० पट वर्धनात मंचाचे कंपनही ४०० पटींनी वाढते. म्हणून धातूची जड बैठक हा डामडौल नसून ती गरज आहे. स्थूल केंद्रणाच्या जोडीला सूक्ष्म केंद्रणाची स्वतंत्र चकती हवी. ४० पटींच्या भिंगाखाली वस्तू व भिंग यांत सु. अर्धा मिमी. अंतर राहते व एकाच जाड दातेरी चक्राने ते नियंत्रित करणे मोठ्या माणसालाही अवघड जाते. या भिंगाचे टोक स्प्रिंगवर बसविलेले असल्यास ते काचपट्टीवर टेकले तरी आत सरकते व काच फुटत नाही. मुलांच्या उपकरणात ही सोय अवश्य पाहावी.

विकत घेण्यापूर्वी उपकरण लावून पाहण्याची संधी मिळाल्यास पाच मिनिटांत त्याची परीक्षा होते. तयार काचपट्टी १० पटींच्या भिंगाखाली स्पष्ट करून ४० पटींचे भिंग फिरवून आणावे. प्रतिमा जवळजवळ स्पष्टच राहिली पाहिजे व क्षेत्राच्या मध्यातील बिंदू क्षेत्राबाहेर जाता कामा नये. नंतर मंचाला बोटाने हलकेच स्पर्श करावा. प्रतिमा हलून लगेच स्थिरावली पाहिजे. केंद्रण साधून दोन-तीन मिनिटे हात न लावता थांबावे. एवढ्यात प्रतिमा आपोआप अंधुक होत गेली, तर मंच किंवा नळी स्वतःच्या वजनाने खाली सरकते आहे असे समजावे. सूक्ष्म केंद्रणाची चकती एका दिशेने फिरवून उलट फिरविताना प्रथम ती रिकामी फिरत असेल, तर दाते सैल आहेत. क्षेत्राच्या कडेला प्रतिमा थोडी अस्पष्ट असणे हा साध्या अवर्णक भिंगांचा स्वभाव असून तेवढ्यावरून उपकरण नाकारू नये; मध्यभागीच रंगीत झालर दिसत असेल, तर मात्र नाकारावे. महाविद्यालयांतून वा प्रयोगशाळांतून निकाली निघालेले जुने उपकरणही या कसोट्यांना उतरल्यास घेण्यास हरकत नाही. नव्या खेळण्यापेक्षा ते कितीतरी सरस असते. जुन्या उपकरणात वंगण घट्ट झालेले असणे दुरुस्त होऊ शकते, भिंगाच्या आत वाढलेली बुरशी सहसा होत नाही.

प्रकाशयोजना : उत्तम भिंगही वाईट प्रकाशात निरुपयोगी ठरते. जुन्या पद्धतीच्या उपकरणात मंचाखाली एका बाजूस सपाट व दुसऱ्या बाजूस अंतर्गोल असा आरसा असतो. संघनक भिंग बसविलेले असल्यास सपाट, नसल्यास अंतर्गोल बाजू वापरतात. खिडकीतून दिसणारे उजळ आकाश आरशाला पुरेसे असते. आरसा प्रत्यक्ष सूर्याकडे कधीही वळवू नये. एकवटलेल्या सूर्यप्रकाशाने डोळ्याच्या जालपटलाला कायमची इजा होऊ शकते. मुलाकडे आरशाचे उपकरण एकट्यास सोपविण्यापूर्वी हे त्याला निक्षून सांगावे, किंवा सरळ प्रकाशोत्सर्जक द्विप्रस्थाचा (एलईडीचा) दिवा असलेले उपकरण घ्यावे. असा दिवा थंड असतो, विजेऱ्यांवरही चालतो आणि वीज गेली तरी काम अडत नाही. मंचाखाली प्रकाश कमीजास्त करणारा पडदा हवाच. निरनिराळ्या आकारांची भोके पाडलेली फिरती चकती असली तरी चालते. नवशिका झगझगीत प्रकाश घेतो आणि त्यात रंग न दिलेल्या पारदर्शक कोशिका दिसेनाशा होतात. पडदा थोडा मिटताच त्या कडांसह उठून दिसू लागतात. ‘काहीच दिसत नाही’ या तक्रारीचे कारण बऱ्याच वेळा एवढेच असते.

कागदी व अंकीय सूक्ष्मदर्शक : अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठातील मनू प्रकाश व त्यांचे सहकारी यांनी २०१४ मध्ये ‘फोल्डस्कोप’ या घडीच्या कागदी सूक्ष्मदर्शकाचे वर्णन प्रसिद्ध केले. जाड कागदाच्या घड्यांतूनच मंच व केंद्रण यंत्रणा तयार होते आणि भिंग म्हणून एक गोलाकार मणी वापरलेला असतो. नेहमीच्या नमुन्याचे वर्धन सु. १४० पट व विभेदन सु. २ मायक्रोमीटर असते. म्हणजे तत्त्वतः हा लेव्हेनहूक यांचाच सूक्ष्मदर्शक होय. भारत सरकारच्या जैवतंत्रज्ञान विभागाने २०१५ मध्ये प्रकाश यांच्या प्रयोगशाळेशी करार करून त्याचा देशात प्रसार केला. किमतीच्या मानाने याची कामगिरी अजोड आहे. तो डोळ्याला चिकटवून धरावा लागतो आणि दोघांना एकाच वेळी पाहता येत नाही, तरीही मोठ्या मुलाच्या हाती तो शेतावर, ओढ्याकाठी, प्रवासात उत्तम काम देतो. संगणकाला जोडावयाच्या लहान अंकीय सूक्ष्मदर्शकांचे वर्धन पडद्याच्या आकारावरून सांगितले जात असल्याने त्या आकड्याला फारसा अर्थ नसतो. त्यांचे विभेदन बहुधा हातभिंगाच्या आसपासच असते. पण अनेकांना एकत्र पाहता येणे ही त्यांची जमेची बाजू आहे.

नमुने व मापन : उपकरणाबरोबर मिळणाऱ्या तयार काचपट्ट्यांपेक्षा मुलाने स्वतः केलेली काचपट्टी अधिक शिकविते. कांद्याच्या पापुद्र्यातील कोशिका सु. ०·२५ ते ०·४ मिमी. लांब असतात. पाण्यात पातळ केलेल्या टिंक्चर आयोडिनाचा थेंब घातल्यास त्यांतील केंद्रक पिवळसर तपकिरी दिसतात. ऱ्हिओ या शोभेच्या झाडाच्या पानाच्या जांभळ्या बाजूचा पापुद्रा काढल्यास जांभळ्या कोशिकांत हिरव्या रक्षक कोशिकांच्या जोड्या व त्यांमधील रंध्रे दिसतात. हायड्रिलाचे पान इतके पातळ असते की ते न कापताच पाहता येते आणि ४०० पटींत हरितकणू कोशिकेच्या कडेने फिरत असलेले दिसतात. जास्वंदीचे काटेरी परागकण, पावसाळी डबक्याच्या तळाचे पाणी, वाळलेले गवत चार-पाच दिवस भिजवून ठेवलेले तळ्याचे पाणी हे नमुने महाराष्ट्रात कोठेही मिळतात. अशा पाण्यातील पॅरामिशियम ०·२ ते ०·३ मिमी. लांब असून १०० पटींत चांगले दिसते. ४०० पटींत ते क्षेत्रातून क्षणात निघून जाते. गालाच्या आतील कोशिका (सु. ०·०६ मिमी.) ४०० पटींत पाहाव्यात. दह्यातील जंतू या वर्धनात बारीक काड्या किंवा ठिपके इतपतच दिसतात. रक्त, थुंकी व सडलेले मांस यांचे नमुने घरी घेऊ नयेत आणि बुरशी आलेली भाकरी किंवा पाव झाकलेल्या पारदर्शक डबीतूनच पाहावा.

वस्तू किती मोठी दिसते यापेक्षा ती मुळात केवढी आहे, हे कळणे अधिक महत्त्वाचे आहे आणि त्यासाठी वेगळा खर्च येत नाही. पारदर्शक मिलिमीटर-पट्टी ४ पटींच्या भिंगाखाली ठेवून दृष्टिक्षेत्राचा व्यास मोजावा. तो ४·५ मिमी. भरला, तर १० पटींच्या भिंगाखाली तो १·८ मिमी. व ४० पटींच्या भिंगाखाली ०·४५ मिमी. असणार, कारण क्षेत्राचा व्यास वर्धनाच्या व्यस्त प्रमाणात घटतो. मग कांद्याच्या किती कोशिका १·८ मिमी.मध्ये एकापुढे एक मावतात, हे मोजून एका कोशिकेची लांबी काढता येते. तीच कोशिका ४०० पटींत जवळजवळ सर्व क्षेत्र व्यापते. लहान वर्धन पुष्कळदा अधिक उपयुक्त का असते, हे मुलाला यावरून आपोआप उमगते. वहीत पेन्सिलीने आकृती काढून तिच्याशेजारी हे माप व तारीख लिहिण्याची सवय लावावी. निरीक्षणास सुरुवात नेहमी सर्वांत लहान भिंगाने करावी आणि भिंग खाली आणताना नेत्रभिंगातून न पाहता बाजूने पाहावे. लघुदृष्टी असलेल्या मुलाने चष्मा काढला तरी केंद्रणाने ती उणीव भरून निघते. अबिंदुकता असल्यास मात्र चष्मा ठेवावा.

निगा : कोकण, गोवा व एकूणच पावसाळी हवेच्या प्रदेशांत सूक्ष्मदर्शकाचा मुख्य शत्रू बुरशी हा आहे. भिंगावरील बोटांचे तेलकट ठसे व धूळ यांवर ती वाढते आणि तिच्या तंतूंनी काचेवर कोरलेल्या रेघा पुसून जात नाहीत. उपकरण बंद लाकडी पेटीत किंवा चामड्याच्या आवरणात महिनोन्‌महिने ठेवणे म्हणूनच वाईट. कोरड्या, उजेडाच्या जागी कापडी आच्छादनाखाली ते नित्य वापरात असणे चांगले. पावसाळ्यात भिंगे काढून सिलिका जेलच्या पुडीसह घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवावीत व पुडीतील खड्यांचा रंग बदलला म्हणजे ते तापवून पुन्हा कोरडे करावेत. भिंगावरील धूळ प्रथम फुगवणीने किंवा मऊ कुंचल्याने उडवावी, मगच भिंग पुसण्याचा खास कागद वापरावा. सदऱ्याच्या टोकाने पुसल्यास धुळीचे कण काचेवर ओरखडे पाडतात. उपकरण उचलताना एक हात बाहूला व दुसरा बैठकीखाली असावा. काम संपल्यावर काचपट्टी काढून, मंच कोरडा करून, सर्वांत लहान वस्तुभिंग मंचावर येईल असे फिरवून ठेवावे.